मला एकदा नकार दे

१६ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं आणि अक्षर लावण्यात माझी अख्खी जेवणाची सुट्टी गेली. लिफ्टच्या खड्ड्यात बसून लिहितोस का रे? तरी पत्रांचा ठराव आपण केला ते बरंच झालं. फोनवर मी रडते, तू चिडतोस आणि शेवटी कोण काय म्हणालं ते दोघांनाही आठवत नाही.

आधी मुद्द्याचं. विम्याचं काय झालं? डॉक्टरीणबाईंनी तुला स्पष्ट सांगितलंय की गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढून टाका, उगाच वाट बघू नका. आई त्यानेच गेली, मावशी त्यानेच गेली. तू दाढी वाढवलीस म्हणून तो आजार तुला ओळखणार नाही असं नाही. ऑपरेशनचा खर्च तुझ्या आवाक्यातला नाही आणि माझा पगार माझ्या हातात किती येतो हे तुला ठाऊक आहे. विमा मिळाला तरी पहिलं वर्षभर हे ऑपरेशन त्यात बसत नाही. म्हणजे विमा जितका लवकर, तितकं ते वर्ष लवकर सरेल. हात धुऊन मागे लाग. फक्त आमच्या कंपनीत अर्ज करू नकोस, नातेवाइकाची फाइल निघाली की माझ्यामागे चौकशीचं झेंगट लागतं.

आता माझी बढाई ऐक. मला तपासणी विभागात बसवलंय. आठ टेबलं, एकच खिडकी, तीही समोरच्या गोदामाच्या भिंतीवर उघडणारी. पण काम डोक्याचं आहे. फाइलवर नाव नसतं, नुसता नंबर. नावाचं पान कपाटात कुलपात, म्हणजे कुणी कुणाची भीड धरायला नको. गेल्या आठवड्यात एक फाइल आली. वय चौतीस, यंत्रदुरुस्ती, आणि लिंगाच्या रकान्यात ‘पारलिंगी पुरुष’. सगळं टेबल खिदळलं. आमच्याकडे जोखमीचे तक्ते दोनच, एक बाप्यांचा, एक बायकांचा. साहेब म्हणाले, “नाकारा आणि मोकळ्या व्हा.”

मला तुझी आठवण झाली रे. मी साहेबांशी चक्क वाद घातला. नकार दिला की तो सगळ्या कंपन्यांच्या सामाईक यादीत चढतो, मग त्या बिचाऱ्याला कुणी दारात उभं करणार नाही. म्हटलं, नाकारू नका, स्थगित करा. पत्राचा मजकूरही मीच लिहून दिला: ‘सध्या उपलब्ध तक्त्यांवरून आपल्या जोखमीचा अंदाज बांधता येत नसल्याने आपला अर्ज सहा महिन्यांसाठी स्थगित ठेवण्यात येत आहे. आपल्या आरोग्यास शुभेच्छा.’ शुभेच्छा माझ्या पदरच्या. साहेब म्हणाले, तुम्ही फार मऊ मनाच्या आहात.

ताई


४ फेब्रुवारी

ताईसाहेब, नमस्कार घ्यावा,

बढतीबद्दल अभिनंदन. मजकूर छान आहे. शुभेच्छा तर विशेष आवडल्या.

माझ्या विम्याचं एजंटकाका बघतायत. गडी उत्साही आहे, पण अर्ज कुठे टाकला, कुठे अडला, विचारलं की चष्मा पुसत बसतो. तीन कंपन्यांनी फॉर्मच हातात घेतला नाही म्हणाला. चौथीकडे टाकलाय. बघू.

इकडे थंडीने केबलचं ग्रीस दगड झालंय. परवा सहा मजली इमारतीत एक आजोबा अडकले. मी वरून दार फाकवून खाली हात दिला तर म्हणाले, “आधी तुझं ओळखपत्र दाखव.” अधांतरी लोंबकळतायत आणि ओळखपत्र हवंय! दाखवलं. त्यावरचा फोटो जुना, वेणीतला. आजोबांनी फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, “बहिणीचं का घेऊन फिरतोस?” मी म्हटलं, हो. वर आले बिचारे.

एक विचारतो, सहज. तुझ्या त्या चौतीस वर्षांच्या माणसाला सहा महिन्यांनी काय मिळणार? तोवर नवा तक्ता येणार आहे का?

धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

नवा तक्ता कुठला येतोय! तक्ता करायला हजारो माणसांची माहिती लागते, आणि विमाच दिला नाही तर ती माहिती यायची कुठून? हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही फाइली बघा. सहा महिन्यांनी तो माणूस पुन्हा तपासण्या करील, पुन्हा अर्ज देईल, आम्ही पुन्हा बघू. निदान त्याची पाटी तर कोरी राहिली. त्याचं नशीब की त्याची फाइल माझ्या टेबलावर आली.

आणखी एक. माझा मजकूर साहेबांना इतका आवडला की त्यांनी तो छापून घेतला. आता अशा सगळ्या फाइलींना तोच कागद जातो. आत्तापर्यंत एकवीस गेले. इतके लोक असतील असं मला वाटलंही नव्हतं.

एजंटकाकांना जरा दम दे. तुझं ते वर्ष सुरू तरी होऊ दे. आणि त्या ओळखपत्रावरचा फोटो बदल, सहा वर्षं सांगतेय.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

मधे बरेच महिने गेले. रागावू नकोस. कामं फार होती आणि सांगण्यासारखं काही नव्हतं.

एजंटकाका म्हणतात, अजून विचाराधीन आहे. ‘विचाराधीन’ हा शब्द ते नवीन शिकलेत.

गेले दोन महिने अंगावरून जातंय थोडं. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून ते सगळं बंद होतं, म्हणून जरा चमकलो. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी गेल्या, तर इथल्या बायकांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर सात बाया. वॉचमन म्हणाला, नवऱ्यांनी बाहेर थांबायचं. मी बाहेर थांबलो. पाऊण तासाने नंबर पुकारला, आत गेलो, तर नर्स म्हणते पेशंटला पाठवा. मी म्हटलं, मीच. ती अशी काही ओरडली की सातही बाया उभ्या राहिल्या. मला हसू आलं आणि मी निघून आलो. पुन्हा जाईन. तू लगेच तांडव करू नकोस.

आणि हो, तुझा तो माणूस. त्याचा अर्ज दुसऱ्यांदा आला असेल ना एव्हाना? समजा त्याला वाटलं की हे बरोबर नाही, तर तक्रार कुठे करता येते?

धाकटा


२४ ऑगस्ट

गाढवा,

हसू आलं म्हणे! अंगावरून जातंय आणि हा हसत घरी येतो. आईचंही असंच सुरू झालं होतं, ती म्हणायची वयाने होतंय. उद्याच्या उद्या जा. नर्स ओरडली तर ओरडू दे, तिचा घसा आहे. सोनोग्राफी कर. पैसे पाठवतेय, कुणाला सांगू नकोस.

तो माणूस आला होता. अगदी वेळेवर, सगळे रिपोर्ट नीट लावून. मोठा चिकाटीचा. पुन्हा छापील कागद लावला. तक्रारीचं म्हणशील तर तक्रार निवारण अधिकारी असतो, तो कंपनीचा नाही, बाहेरचा. चांगला कडक असतो म्हणे, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून विमा द्या असंसुद्धा फर्मावतो. पण त्याच्याकडे फक्त नकाराविरुद्ध जाता येतं. स्थगिती म्हणजे नकार नव्हे, त्यामुळे ती तक्रार तो दाखलच करून घेत नाही. म्हणून तर साहेब माझ्यावर खूश आहेत. वर्षभरात विभागाविरुद्ध एक तक्रार नाही.

सोनोग्राफीचं कळव. मला झोप नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझी चार पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. आज सगळं लिहितो. बसून वाच.

सोनोग्राफी व्हायला नोव्हेंबर उजाडला. पुरुषाच्या नावाने गर्भाशयाची तपासणी त्यांच्या संगणकात भरता येत नव्हती. शेवटी एका भल्या मुलीने मला कागदावर बाई केलं आणि तपासलं. डाव्या अंडाशयात गाठ आहे. आईला होती तीच. जानेवारीत तुकडा काढून बघितला. पसरायला लागलीय, पण ताबडतोब काढली आणि पुढची औषधं नीट घेतली तर आशा आहे म्हणतात. खासगी इस्पितळ आगाऊ रक्कम मागतंय, ती मी सांगत नाही, तुझ्या घरात भांडणं नकोत. सरकारी इस्पितळात हे ऑपरेशन बायकांच्या वॉर्डात होतं. तिथे मला ठेवणार नाहीत. पुरुषांच्या वॉर्डात ठेवतील, पण तिथे हे ऑपरेशन होत नाही. माझा दोन्हीकडे नंबर लागलाय आणि दोन्हीकडे थांबायला सांगितलंय.

आता दुसरं. तुझा तो चिकाटीचा माणूस मीच आहे.

पहिल्या वेळी एजंटकाकांनी मला न विचारता तुमच्या कंपनीत टाकला. तुझं पत्र आधी आलं आणि आठ दिवसांनी कंपनीचं. शुभेच्छा वाचल्या आणि कळलं. तुला सांगणार होतो, खरंच. पण तू इतकी खूश होतीस. माझी आठवण होऊन साहेबांशी भांडले म्हणालीस, ते खोटं नव्हतंच, तू खरोखर माझ्यासाठीच भांडली होतीस. अशा तुला मी काय सांगणार होतो? म्हटलं, पुढच्या खेपेला होईल. या महिन्यात तिसरा कागद आला. पहिल्याच खेपेला विमा मिळाला असता तर ते वर्ष गेल्या महिन्यात पुरं झालं असतं.

पुढचे दोन अर्ज मी स्वतः भरले, त्यात एक प्रश्न होता: कंपनीत कुणी नातेवाईक? मी ‘नाही’ लिहिलं. तू घरी आणि ऑफिसात सांगतेस ना, एक धाकटी बहीण आहे, परदेशात असते. ते मला माहीत आहे ताई. तुझ्या नणंदेच्या मुलीने विचारलं होतं मला एकदा, तुम्ही मामींच्या ओळखीचे का म्हणून. मी ‘हो’ लिहिलं असतं तर तुला तिथे सगळ्यांना सांगावं लागलं असतं. मला त्याचा राग नाही. होता, आता नाही.

माझं एकच मागणं आहे. तीस दिवसांच्या आत तुम्हाला स्वतः तपासलेली फाइल फेरतपासणीला काढता येते, हे तुझ्या त्या चार पत्रांतल्याच एकात आहे. ती काढ आणि मला नकार दे. तुझी शुभेच्छा नको, नकार दे. तो हातात असला की मी त्या कडक अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. त्याने पहिल्या तारखेपासून विमा द्यायला लावला तर खासगी इस्पितळ मला उद्या घेईल.

मला एकदा नकार दे, ताई.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

फाइल काढली. तीन अर्ज, एकाखाली एक. वैद्यकीय तपासणीच्या पानावर ओळखीच्या खुणा असतात. ‘डाव्या भुवईत जुना व्रण.’ मीच तुला गच्चीच्या पायरीवरून ढकललं होतं, टाक्यांच्या वेळी मीच तुझं डोकं धरून बसले होते. तीनही वेळा मी ते पान वाचलंय, खाली माझी सही आहे. वाचलं आणि पुढचं पान उलटलं. मी स्वतःला माफ करणार नाही आणि तूही करू नकोस.

आता नीट वाच. स्थगितीला नावाचं पान उघडावं लागत नाही. नकाराला लागतं. ते उघडून खाली लिहून द्यावं लागतं की या अर्जदाराशी माझं कोणतंही नातं नाही. मी खरं सांगितलं तर फाइल दुसऱ्याकडे जाईल आणि तो ‘नातेवाईक नाही’ या खोट्या माहितीवरून नाकारील. मग दोष तुझा ठरेल, तो अधिकारी तुला उभं करणार नाही. चांगला नकार हवा असेल तर तो मलाच द्यायला हवा, आणि द्यायचा तर तू माझा कुणी नाहीस असं लिहून द्यायला हवं.

काल दुपारी ते केलं. कपाटाची किल्ली घेतली, पान काढलं. तुझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. आपलं आडनाव त्यापुढे किती छान दिसतं रे. खाली सही केली. कारणाच्या रकान्यात साहेब नेहमी काहीतरी गोलमाल लिहायला लावतात. मी सरळ लिहिलं: ‘अर्जदारास पुरुषांचा तक्ता लावावा की स्त्रियांचा, हे कंपनीस ठरवता आले नाही. अन्य कोणतेही वैद्यकीय कारण पहिल्या अर्जाच्या वेळी नव्हते.’ साहेबांनी न वाचता शिक्का मारला. माझ्या कागदांवर त्यांचा विश्वास आहे.

तू सांग, कधी येऊ? रजा टाकते. घरी काय सांगायचं ते बघेन.

ताई


१५ मार्च

ताई,

नकार मिळाला. तक्रार दाखल झाली! तिथला कारकून कारणाचा रकाना वाचून म्हणाला, हे लिहिणारा एकतर वेडा असेल नाहीतर प्रामाणिक. मी म्हटलं, बाई आहे. सुनावणी सहा जूनला. त्याआधी तारीख नाही.

तू येऊ नकोस. मला काय वाटतं ते विचारू नकोस, पण येऊ नकोस. इस्पितळाचे कागद सुनावणीत लागणार आहेत. तू बहीण म्हणून कुठे सही केलीस, कुणी तुला ओळखलं, तर तो नकार कुचकामी ठरेल आणि तुझी नोकरीही जाईल. सरकारी इस्पितळाच्या भरतीच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक विचारलं होतं. मी रेघ मारली.

सहा जूनपर्यंत तू माझी कुणी नाहीस. पुढे मग हवी तेवढी हो.

धाकटा


१३ मे

ताई,

हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्याच्या हातून लिहून घेतोय, म्हणून अक्षर बरं आहे. तो कुणाला काही बोलणार नाही.

पुरुषांच्या वॉर्डात आहे. पोटात पाणी झालंय, ते काढतात, पुन्हा होतं. ऑपरेशनची तारीख होती आठ मे. त्या दिवशी बायकांच्या वॉर्डाच्या दारापर्यंत मला ढकलगाडीवरून नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, हा कोण? मग दोन डॉक्टर बाजूला जाऊन बोलले आणि मला परत आणलं. आता बावीस मे दिलीय.

काल तू आली होतीस. दाराच्या काचेतून बघितलं मी. रंगाऱ्याच्या बायकोला तू विचारत होतीस, इथे पाण्याचा नळ कुठे आहे. ती म्हणाली, बाई रडत होत्या, त्यांचं कुणीतरी फार आजारी असेल. मी म्हटलं, असेल.

भ्यायलोय गं मी. आई अशी खाटेवर होती तेव्हा तू तिच्या उशाशी बसायचीस आणि मी दारात उभा राहायचो, आत यायला मला भीती वाटायची. आत येऊन बसायला किती धीर लागतो ते आता कळतं. सहा जून फार लांब नाही.

धाकटा


३१ मे

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय: सहा जूनच्या सुनावणीतील अर्जदाराबाबत.

महोदय,

सदर अर्जदाराचे २७ मे रोजी सरकारी इस्पितळात निधन झाले. बावीस तारखेचे ऑपरेशन पुन्हा पुढे ढकलण्यात आले होते. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर लिंगाचा रकाना इस्पितळाने कोरा ठेवला आहे.

इस्पितळाच्या कागदांवर कुणी नातेवाईक नसल्याने देह दोन दिवस शवागारात होता. २९ मे रोजी मी तिथे जाऊन लेखी दिले की मी त्याची सख्खी थोरली बहीण आहे, आणि देह ताब्यात घेतला. कंपनीच्या नकारपत्रावर अर्जदाराशी माझे कोणतेही नाते नाही असे प्रमाणित करणारी सहीदेखील माझीच आहे. ते प्रमाणन खोटे आहे. अर्जदाराने कंपनीत नातेवाईक नसल्याचे लिहिले, तेही माझ्यामुळे. मला भाऊ आहे हे मी सहा वर्षे कुणालाही सांगितले नव्हते. कंपनी आता या दोन्ही कारणांनी तक्रार रद्द करण्याची मागणी करील. मी राजीनामा दिला आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

तरीही आपण ही सुनावणी घ्यावी अशी माझी विनंती आहे. त्याला आता विमा नको आहे. पण स्थगितीचा तो छापील मजकूर मी लिहिलेला आहे, आणि मी कपाटाची किल्ली परत केली त्या दिवसापर्यंत तो अठ्ठ्याऐंशी जणांना गेला होता. त्यांपैकी कुणीही आपल्यापर्यंत पोचू शकत नाही, कारण त्यांना कुणी ‘नाही’ म्हटलेलेच नाही. त्यांचे नंबर मी पाठ करून बाहेर आणले आहेत. यादी सोबत आहे.

सुनावणीच्या दिवशी मी अर्जदाराच्या जागी हजर राहीन. आपल्या नमुन्यात ‘अर्जदाराशी नाते’ असा रकाना आहे, तो मी भरला आहे.

थोरली बहीण.